घाट कुठे आहे?

पगार न घेता काम करणाऱ्या माणसांनी महागडे यंत्र मागितले, की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. जगात आज असे कितीतरी गट आहेत, की ज्यांतील माणसे आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहितात आणि ती कोणालाही विनामूल्य नेऊ देतात. असा एखादा गट एक दिवस म्हणतो, "आमच्या संगणकाचे जाळ्याला जोडणारे कार्ड आता पुरत नाही, स्विच बदलायला हवा, तार मोठी हवी." देणगी देणारा विचारतो, "पण काम तर चालूच आहे ना? मग नवे कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे. शाळेतल्या संगणक कक्षासाठी चांगला स्विच मागणाऱ्या शिक्षकालाही मुख्याध्यापक हेच विचारतात, आणि विचारायलाच हवे. गेल्या चाळीस वर्षांत निरनिराळ्या ठिकाणी या प्रश्नाची उत्तरे कशी दिली गेली, त्याचा इतिहास आपण येथे पाहू. त्यात संगणकापेक्षा रांगेचा भाग जास्त आहे. म्हणून सुरुवात संगणकापासून न करता कसाऱ्यापासून करू.

कसाऱ्याचे बँकर

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यानंतर सह्याद्रीचा थळ घाट चढावा लागतो. इगतपुरीपर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटरांत लोहमार्ग सुमारे ३०० मीटर वर चढतो. सर्वांत अवघड ठिकाणी चढ ३७ ला १ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रेल्वेच्या मानाने हा फार तीव्र चढ झाला. म्हणून गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा एंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. हा मार्ग १८६५ साली सुरू झाला आणि १९३० साली तेथे विजेची एंजिने आली.

आता समजा, कल्याण ते कसारा आणि इगतपुरी ते नाशिक रोड असे दोन्हीकडचे मार्ग दुप्पट केले, पण घाट होता तसाच ठेवला. तर नाशिकला दिवसाला किती गाड्या जास्त येतील? जवळजवळ एकही नाही. दर तासाला किती गाड्या जाणार हे घाट ठरवतो. संपूर्ण मार्गाची क्षमता म्हणजे त्याच्या सर्वांत अरुंद जागेची क्षमता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नाशिक रोडच्या फलाटावर थांबलेल्या प्रवाशाला घाट दिसत नाही. त्याला एवढेच कळते, की गाडी उशिरा आहे. उशीर एका ठिकाणी तयार होतो आणि सोसावा लागतो भलत्याच ठिकाणी. बँकर एंजिनाचा खर्च ज्याच्या वहीत लिहिला जातो, त्याच्या वहीत प्रवाशांचे वाया गेलेले तास लिहिलेले नसतात. संगणकाच्या जाळ्यातही नेमके असेच घडते.

देशाची रोजची शंभर मेगाबाइट

भारतात संशोधन संस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्याचे काम १९८६ साली 'अर्नेट' या नावाने सुरू झाले. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, तेव्हाच्या पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) हे त्यातले पहिले आठ भागीदार होते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचेही साहाय्य होते. पहिली पत्रे गेली ती मुंबईतल्या मुंबईत, एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये, साध्या दूरध्वनीच्या तारेवरून.

१९८९ साली एनसीएसटीपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या 'यूयूनेट' या केंद्रापर्यंत कायमची भाड्याची जोडणी मिळाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला, तर सेकंदाला १,२०० बाइट, म्हणजे साधारण या पानावरचा एखादा लहानसा इंग्रजी परिच्छेद. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. जोडणी रात्रंदिवस एक क्षणही न थांबता चालली, तर एका दिशेने दिवसाला जास्तीत जास्त सुमारे १०४ मेगाबाइट माहिती जाणार. अर्नेटवरील साऱ्या संस्थांना मिळून परदेशाशी व्यवहार करायला ही शिदोरी होती. आज वर्गात वापरायची एखादी चित्रफीतसुद्धा यापेक्षा मोठी असू शकते.

१९९२ साली ही जोडणी ६४ किलोबिटची झाली, म्हणजे जवळजवळ सातपट. तरीही दिवसाचा हिशोब होतो ६९१ मेगाबाइट. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावतात. तेव्हा असे म्हणता येईल, की या मार्गाने भारतातील विद्याजगताच्या वाट्याला दिवसाला एक सीडी आणि थोडे वरचे येत होते.

१९८९ हेच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या स्थापनेचे वर्ष. अंतरावरच्या विद्यार्थ्यापर्यंत शिक्षण पोहोचवायचे, हे त्याचे काम. एकीकडे छापील पुस्तके गाडीने आणि टपालाने गावोगाव जात होती, दुसरीकडे मुंबईतल्या एका जोडणीतून बाइट पाझरत होते. दोन्हींपुढचा प्रश्न एकच होता. ज्ञान आहे, घेणारा आहे, मधली वाट किती रुंद आहे?

ओझे हलके करणारी माणसे

याच काळात विनामूल्य सॉफ्टवेअरची चळवळ वाढत होती. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरात तिची पहिली आवृत्ती फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्यावरील एका संगणकावर ठेवली. तीच पुढे 'लिनक्स' म्हणून प्रसिद्ध झाली. मार्च १९९४ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली तेव्हा तिच्यात १,७६,२५० ओळी होत्या.

हे काम करणारी माणसे वेगवेगळ्या देशांत होती. त्यांच्यापैकी अनेकांच्या घाटाची रुंदी मुंबईच्या जोडणीपेक्षा फारशी जास्त नव्हती. मोठी तार मागायला पैसे नाहीत, तेव्हा त्यांनी आधी ओझे हलके केले. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' ही आज्ञावली प्रसिद्ध केली होती. तिची युक्ती सोपी आहे. एक लाख ओळींपैकी पन्नास बदलल्या, तर एक लाख ओळी पुन्हा पाठवायच्या नाहीत. बदललेल्या ओळी आणि त्यांची जागा एवढेच पाठवायचे, घेणाऱ्याने आपल्या प्रतीत दुरुस्ती करून घ्यायची. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती न छापता शुद्धिपत्र पाठवावे, तसे हे आहे. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' लिहिले. दोन दूरच्या संगणकांतील फायलींत कोणता भाग वेगळा आहे हे ते स्वतःच शोधते आणि तेवढाच भाग तारेवरून नेते.

ज्यांना जाळ्यावर थेट जाता येत नव्हते आणि फक्त पत्रे पाठवता येत होती, त्यांच्यासाठी आणखी एक सोय होती. पत्र लिहून फाइल मागवायची, ती तुकड्यातुकड्यांनी पत्रांतूनच परत येई. मात्र पत्रातून पाठवण्यासाठी फाइलचे साध्या अक्षरांत रूपांतर करावे लागे. त्यात तीन बाइटांचे चार होत, म्हणजे ओझे एक-तृतीयांशाने वाढे. गरीब वाटेने जाणाऱ्यालाच जास्त ओझे, असा हा प्रकार होता.

नवे यंत्र मागणाऱ्याने आधी काय दाखवले पाहिजे, ते येथे कळते. आपण ओझे शक्य तेवढे हलके केले आहे आणि तरीही पुरत नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे.

पंचवटी एक्सप्रेसमधली सीडी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती प्रथम महानगरांत. नाशिकमधल्या कोणाला ती हवी असेल, तर मुंबईला एसटीडी लावून मोडेम जोडणे आले. २८.८ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला असे धरले, तरी एक सीडीभर लिनक्स उतरवायला सलग ५० तास लागले असते. दूरध्वनीचे देयक किती आले असते, हा हिशोब वाचकांनीच करावा.

म्हणून आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअर मुख्यतः आले ते चकतीवरून. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढेही हा क्रम चालू ठेवला. २००५ ते २०११ या काळात 'उबंटू' प्रकल्प मागणी करणाऱ्याला जगात कोठेही टपालाने फुकट सीडी पाठवत असे. एकाने सीडी मिळवायची आणि दहा जणांनी तिच्या प्रती करायच्या.

येथे एक मजेदार हिशोब करता येतो. मुलांना तो जरूर करायला सांगा. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून मनमाड आणि मुंबई यांच्यामध्ये धावते. नाशिक रोड ते मुंबई हे सुमारे १८७ किलोमीटरचे अंतर ती साधारण चार तासांत कापते असे धरू. एका प्रवाशाच्या पिशवीत ६५० मेगाबाइटची एक सीडी आहे. तर या गाडीचा वेग सेकंदाला किती बिट झाला?

६५ कोटी बाइट म्हणजे ५२० कोटी बिट. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. भागाकार येतो सुमारे ३,६१,००० बिट, म्हणजे ३६१ किलोबिट. देशाच्या १९९२ च्या जोडणीच्या साडेपाचपट! पिशवीत शंभर सीडी असतील तर ३६ मेगाबिट. आणि यासाठी रेल्वेने कोणताही नवा मार्ग टाकलेला नाही.

मग तारेची गरजच काय? गरज आहे. कारण गाडीतल्या सीडीवरचे पहिले अक्षरसुद्धा चार तासांनीच पोहोचते, आणि उत्तर यायला आणखी चार तास. तारेवर पहिले अक्षर सेकंदाच्या आत पोहोचते. वाटेची 'रुंदी' आणि वाटेवरचा 'विलंब' या दोन वेगळ्या राशी आहेत. संपूर्ण कार्यप्रणाली आणायची असेल तर रुंदी महत्त्वाची, तेव्हा गाडी बरी. पण पाच देशांतील पाच जणांनी एका चुकीवर एकाच संध्याकाळी चर्चा करून ती सुधारायची असेल, तर विलंब महत्त्वाचा. सीडीने सॉफ्टवेअर वापरणारे तयार होतात, लिहिणारे तयार व्हायला तार लागते.

मराठीचे नुकसान नेमके येथे होते. संगणकाच्या पडद्यावरील सूचना मराठीत आणण्याचे, देवनागरी अक्षरसंच घडवण्याचे काम महाराष्ट्रातही स्वयंसेवकांनी केले आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधील प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या भोवती जमलेल्या 'इंडिकट्रान्स' गटाने 'गार्गी' हा मुक्त देवनागरी अक्षरसंच तयार केला. असे काम सुट्टीच्या दिवशी, रात्री, चोरलेल्या तासांत होते. ज्या गटाकडे पैसा नाही, त्याचे सगळे भांडवल म्हणजे हे तास. रांगेत ते गेले, तर भांडवलच गेले.

रांगेचे गणित

"पण आमची तार तर सरासरीने निम्मीच वापरली जाते," असे पैसे देणारा म्हणेल. या 'सरासरी'कडे जरा बारकाईने पाहू.

नाशिककरांना हे सांगायला नको. कुंभमेळ्यासाठी गोदावरीवर घाट बांधताना वर्षभराच्या गर्दीची सरासरी कोणी धरत नाही, पर्वणीच्या दिवसाची गर्दी धरतात. तारेचेही तसेच आहे. रात्री तीन वाजता ती रिकामी असते म्हणून सकाळी अकराला थांबलेल्याची सोय होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. डेन्मार्कमधील गणिती आग्नर क्रारुप एर्लांग हे कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत. किती तारा ठेवल्या तर ग्राहकांना फार थांबावे लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ साली त्यांनी या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातले सर्वांत साधे सूत्र असे आहे: मागण्या कशाही, अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर एकूण लागणारा सरासरी वेळ हा रिकाम्या तारेवर लागणाऱ्या वेळेच्या १/(१ – व) पट असतो. येथे 'व' म्हणजे तारेचा वापर किती भाग झाला आहे ते.

वापर निम्मा असेल तर वेळ दुप्पट लागतो. ८० टक्के असेल तर पाचपट, ९० टक्के असेल तर दहापट, ९५ टक्के असेल तर वीसपट. शेवटच्या पायरीकडे पाहा. वापर फक्त ५ टक्क्यांनी वाढला आणि थांबणे दुप्पट झाले. म्हणूनच कालपर्यंत बरी चाललेली तार आज अचानक 'बसल्या'सारखी वाटते. कोणी बिघाड केलेला नसतो. रांगेचा स्वभावच तसा आहे.

वर्गात हे दोन फाशांनी दाखवता येते. प्रत्येक फेरीत पहिला फासा टाकावा. १, २ किंवा ३ पडले तर एक मूल नळावरच्या रांगेत येते. मग दुसरा फासा टाकावा. रांगेत कोणी असेल आणि १ ते ४ पडले तर पुढच्या मुलाचे पाणी भरून होते व ते निघून जाते. फेरीच्या शेवटी रांगेत किती उरले ते फळ्यावर लिहावे. अशा साठ फेऱ्या करून आलेख काढावा. नंतर नळ थोडा मोठा करावा, म्हणजे दुसऱ्या फाशावर १ ते ५ पडले तरी मूल मोकळे होते असे धरावे आणि पुन्हा साठ फेऱ्या कराव्यात. खूप फेऱ्या केल्या तर उरलेल्या मुलांची सरासरी पहिल्या प्रयोगात १ येते आणि दुसऱ्यात पाव. नळ फक्त चौथ्या हिश्श्याने मोठा झाला, पण रांग एक-चतुर्थांश उरली. साठ फेऱ्यांत आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण फरक डोळ्यांना दिसेल. नवे यंत्र मागणाऱ्याचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे आणि तो दहावीच्या मुलालाही मांडता येतो.

आलेख बोलू लागले

पुरावा हवा तर मोजमाप हवे. इंग्लंडमधील लेस्टर येथे टोबियास ओटिकर नावाचा तरुण एका विद्यापीठात काम करीत होता. तेथे हजाराहून अधिक संगणकांना बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच तार होती, ६४ किलोबिटची. मुंबईच्या जोडणीइतकीच. तार कशी चालली आहे हे सर्वांना जाणून घ्यायचे होते. त्याने १९९५ मध्ये दर पाच मिनिटांनी तारेवरील वाहतूक मोजून तिचा आलेख काढणारी 'एमआरटीजी' ही आज्ञावली लिहिली आणि ती मोफत देऊन टाकली. पुढे जगभरच्या जाळे सांभाळणाऱ्यांनी ती वापरली. आलेखाचा माथा दुपारभर सपाट दिसला, की वेगळे भाषण करावे लागत नाही. पाणी टाकीच्या काठाला लागले आहे हे कोणालाही कळते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. 'वॉलनट क्रीक सीडीरॉम' ही कॅलिफोर्नियातील कंपनी मुक्त सॉफ्टवेअरच्या सीडी विकत असे आणि तेच सॉफ्टवेअर जाळ्यावरून फुकटही नेऊ देत असे. तिचा सार्वजनिक संगणक स्वयंसेवकांनी लिहिलेल्या 'फ्रीबीएसडी' या प्रणालीवर चाले. १९९९ मध्ये या एका यंत्राने एका दिवसात १.३ टेराबाइटहून अधिक माहिती वाटली. आता हिशोब करा. १०० मेगाबिटचे एक कार्ड दिवसभर अखंड ओतत राहिले, तरी १.०८ टेराबाइटपलीकडे जाऊ शकत नाही. मागणी १.३ असेल तर एक कार्ड पुरणार नाही, हे कोणाच्या मतावर अवलंबून नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की समर्थन पूर्ण झाले.

झोळी आणि हिशोब

तिसरे उदाहरण आपल्या रोजच्या वापरातले आहे. 'विकिपीडिया' जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. निरनिराळ्या भाषांचे विकिपीडिया एकाच ठिकाणच्या मोजक्या यंत्रांवर राहत होते. वाचक वाढत गेले आणि डिसेंबर २००३ च्या अखेरीस यंत्रे कोलमडली. संस्थापक जिमी वेल्स यांनी नव्या यंत्रांसाठी २०,००० डॉलरचे आवाहन केले. काही दिवसांत त्याहून अधिक रक्कम जमली आणि २००४ च्या सुरुवातीला नवी यंत्रे लागली.

एवढ्या लवकर पैसे का जमले? आमच्या मते याचे कारण असे, की येथे रांगेत थांबणारा आणि पैसे देणारा एकच होता. पान उघडत नाही याचा त्रास वाचकाला थेट होत होता. कसाऱ्याच्या घाटाबद्दल आपण जे पाहिले, त्याच्या हे उलट आहे. फलाटावरच्या प्रवाशालाच बँकरसाठी वर्गणी द्यायला सांगावी, तसे हे झाले.

पुढे या लोकांनी केवळ यंत्रे वाढवली नाहीत. वारंवार मागितली जाणारी पाने तयार करून पुढच्या दारात ठेवणारी 'स्क्विड' ही मुक्त प्रणाली त्यांनी लावली, म्हणजे पुन्हा ओझे हलके केले. यंत्रांवरील ताणाचे आलेखही कोणालाही पाहता येतील असे ठेवले. २०१८ साली त्यांनी सिंगापूरला केंद्र उघडले. याचे समर्थन रुंदीचे नव्हते, विलंबाचे होते. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. मुंबई ते ॲमस्टरडॅम सरळ अंतर सुमारे ६,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन निदान ६९ मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे ३९. एक पान उघडण्यापूर्वी अशा तीनचार खेपा होतात, म्हणजे फरक शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जातो. तार कितीही जाड केली तरी हा वेळ वाचत नाही. निसर्गाचा वेग वाढवता येत नाही, अंतर तेवढे कमी करता येते.

शाळेतला घाट

आता आपल्या संगणक कक्षाकडे येऊ. समजा, नाशिकमधल्या एका शाळेत वीस संगणक आहेत आणि त्यांवर मुक्त कार्यप्रणाली आहे. प्रत्येकाला ५०० मेगाबाइटची नवी दुरुस्ती हवी आहे. शाळेची बाहेरची जोडणी १० मेगाबिटची आहे. प्रत्येक संगणकाने स्वतंत्रपणे मागितले, तर १० गिगाबाइट यावे लागतील आणि त्याला ८,००० सेकंद, म्हणजे २ तास १३ मिनिटे लागतील. शाळेचा तास ३५ मिनिटांचा.

घाईने मोठी जोडणी मागू नये. एका संगणकावर दुरुस्तीची प्रत एकदाच उतरवली, तर ६ मिनिटे ४० सेकंद पुरतात. मग तेथून वीस जणांना वाटायची. कक्षात जुना १० मेगाबिटचा हब असेल, तर सगळे मिळून त्या १० मेगाबिटांतच वाटणी करतात. पुन्हा २ तास १३ मिनिटे! घाट बाहेरून आत आला, एवढेच. येथे स्विच मागण्याला पक्के कारण आहे. १०० मेगाबिटचा स्विच लावला, तर वाटपाला १३ मिनिटे २० सेकंद लागतात आणि काम तासात बसते.

मग गिगाबिटचा स्विच हवा का? वीस संगणकांसाठी नको, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण संगणक साठ असतील, तर वाटपाला ४० मिनिटे लागतात आणि तास संपून जातो. वाटणाऱ्या संगणकाची एक तार गिगाबिटची केली, की ते काम चार मिनिटांवर येते. हे आकडे तारेच्या पूर्ण वेगाचे आहेत, प्रत्यक्षात थोडे कमी पडेल. पण कोणती खरेदी कामाची आणि कोणती दिखाऊ, हे एवढ्यावरून ठरते.

एवढ्या इतिहासातून मागणीपत्र लिहिणाऱ्याने चार प्रश्न घ्यावेत. घाट नेमका कुठे आहे? ओझे हलके करण्याचे सगळे उपाय झाले का? गर्दीच्या वेळी वापर किती टक्के आहे? आणि थांबतो कोण, किती वेळ? चौथा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो, कारण थांबणारा बहुधा हिशोब मांडणाऱ्याच्या खोलीत नसतो. पन्नास मुलांची रोजची दहा मिनिटे म्हणजे ५०० मिनिटे, आठ तासांहून जास्त. हा आकडा कोणत्याही पावतीवर येत नाही, पण तो खर्चच आहे.

या वर्षी विज्ञान मंडळाच्या मुलांना हेच काम द्यावे. एक आठवडाभर, दर तासाला, आपल्या शाळेत रांग कुठे लागते ते मोजायचे: पाण्याच्या नळावर, ग्रंथालयाच्या खिडकीशी, कार्यालयाच्या दारात आणि संगणक कक्षात. आलेख काढायचे, घाट शोधायचा आणि मुख्याध्यापकांना एका पानाचे पत्र लिहायचे. त्या पत्रात नव्या वस्तूची मागणी असेलच असे नाही. कदाचित मधल्या सुट्टीची वेळ वर्गवार दहा मिनिटांनी पुढेमागे करा, एवढेच त्यात असेल. तेही चालेल.